अ‍ॅक्वापोनिक्स किटचा सोळा महिन्यांचा हिशेब: टाकी चांगली, सायफन कच्चा, दगड चुकीचे

पाचपैकी अडीच तारे. त्यातला एक टाकीला, एक किट बसवायला आलेल्या मुलाला आणि उरलेला अर्धा अळूला. अळू कंपनीने दिलेलाच नव्हता. त्याचे कंद मी सारसोळ्याच्या भाजीवालीकडून आणले होते. पण या सगळ्या खटाटोपात बिनतक्रार वाढला तो एकटाच, म्हणून त्याचा अर्धा तारा त्याला.

कंपनीचं नाव लिहीत नाही. ठाण्याकडची आहे, घरी येऊन किट बसवून देते, एवढं पुरे. नंतर मी आणखी दोन विक्रेत्यांकडे जाऊन पाहिलं. तिथेही तेच पांढरे दगड आणि तोच सायफन. तेव्हा एकट्या यांच्या नावाने बोटं मोडण्यात अर्थ नाही.

आमचं नेरूळला सिडकोचं बैठं घर आहे. मागे १२ बाय १५ फुटांचं अंगण. इतकी वर्षं तिथे वाळवणं, दोन गंजलेल्या सायकली आणि नवऱ्याने 'कधीतरी लागेल' म्हणून जमवलेलं सामान होतं. मी तुर्भ्याच्या एमआयडीसीत रंगरसायनांच्या एका कारखान्यात ३१ वर्षं क्वालिटी कंट्रोलच्या लॅबमध्ये काढली. म्हणजे पाणी तपासण्यावरच पोट भरलं म्हणा ना. तरीसुद्धा पहिल्या ९ दिवसांत माझ्या हातून २३ मासे मेले. का, ते सांगते, कारण किट घेणाऱ्या बऱ्याच जणांचं हेच होत असणार आणि तो फोटो कुणी टाकत नाही.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. खाली माशांची टाकी, वर खडीने भरलेले वाफे. मासे खातात आणि त्यांच्या कल्ल्यांवाटे अमोनिया पाण्यात येतो. पंप ते पाणी वर वाफ्यात चढवतो. खडीवर वाढलेले जीवाणू अमोनियाचं आधी नायट्राइट करतात, मग दुसऱ्या जातीचे जीवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्रेट झाडं उचलतात, आणि पाणी परत खाली माशांकडे. माती नाही, खत नाही, पाणीही फार लागत नाही. कागदावर इतकं सुबक दिसतं की माझ्यासारखी बाई सुद्धा हरखली.

किटची किंमत ३८,५००. त्यात ७०० लिटरची काळी टाकी, ४ बाय २ फुटांचे एक फूट खोल असे दोन वाफे, चौकोनी पाइपचा स्टँड, ४० वॉटचा पंप, हवेचा छोटा पंप, दोन बेल सायफन, पांढऱ्या गोट्यांच्या गोण्या, 'बॅक्टेरिया पावडर'चं पाकीट, तिलापियाची ४० पिल्लं आणि रोपांचा ट्रे. वर वर्षभराच्या चार सर्व्हिसचे ६,००० वेगळे. माहितीपत्रकावर लेट्यूस आणि स्ट्रॉबेरीचे फोटो, आणि खाली 'सहा महिन्यांत २० किलो मासे'. नेरूळच्या उकाड्यात लेट्यूस! पण त्या दिवशी माझी लॅब मी घरी ठेवून गेले होते.

डिसेंबरातल्या एका शनिवारी माल आला. बसवणारा मुलगा दिव्याहून पहिल्या गाडीने निघाला होता, नऊला दारात हजर. कामाला एकदम स्वच्छ. स्टँडचे चारही पाय स्पिरिट लेव्हल लावून पाहिले, पाइपांच्या सांध्यांना सोल्युशन लावायच्या आधी एकदा कोरडं जोडून दाखवलं, पाइप कापल्यावर पडलेला कीस झाडून घेतला. चहा घेताना हळूच म्हणाला, "काकू, मासे आठवडाभर थांबून टाकले तर बरं. पण आम्हाला सांगितलंय, त्याच दिवशी टाकून फोटो काढायचा." तो खरं बोलत होता. आठवडा काय, महिना थांबायला हवं होतं. पण पिशवीतली ४० पिल्लं टकामका बघत होती. नळाच्या पाण्याने टाकी भरली, पाकीट फोडून ओतलं, मासे सोडले, फोटो काढला.

नळाचं पाणी थेट. त्यात क्लोरीन असतं, ते माशांनाही बाधतं आणि ज्या जीवाणूंवर सगळा खेळ चालायचा त्यांनाही. एक दिवस उघड्यावर हवा मारत ठेवलं असतं किंवा मत्स्यालयाच्या दुकानात मिळणारं हायपो, म्हणजे क्लोरीन मारणारं सोडियम थायोसल्फेट, चिमूटभर टाकलं असतं तर भागलं असतं. हे मला माहीत होतं. लिहायला लाज वाटते.

दाण्याची सूचना होती 'दिवसातून तीनदा, मूठभर'. कुणाची मूठ? मी माझी काट्यावर तोलली, ३३ ग्रॅम. म्हणजे दिवसाला १०० ग्रॅम. त्या ४० पिल्लांचं सगळं मिळून वजन पाव किलोही नव्हतं! दाण्यात ३२ टक्के प्रथिनं. अशा १०० ग्रॅम दाण्यातून सुमारे ३ ग्रॅम अमोनिया बनतो, माशांनी खाल्ला तरी, आणि तळाशी कुजला तरी. ७०० लिटर पाण्यात ३ ग्रॅम म्हणजे लिटरला ४ मिलिग्रॅमच्या वर, रोजची भर. तो खाणारे जीवाणू अजून जन्मालाच आलेले नाहीत.

किटमध्ये तपासायच्या पट्ट्या होत्या. त्यांवर पीएच, नायट्रेट, नायट्राइट. अमोनिया नाही. ज्याने मासे मरतात तेवढंच नेमकं वगळलेलं! पाचव्या दिवशी सकाळी तीन पिल्लं उलटी तरंगताना दिसली तेव्हा डोकं ठिकाणावर आलं. स्टेशनजवळच्या मत्स्यालयाच्या दुकानातून थेंबांचा तपासणी संच आणला. अमोनियाच्या रंगपट्टीवरचा शेवटचा गडद हिरवा रंग ८चा असतो. माझी नळी त्याहून गडद झाली. पीएच ८.२.

हा ८.२ बघून मी खाली बसले. मोरबे धरणाचं पाणी आमच्या नळाला येतं, ते मऊ असतं. नळावर मी मोजलेला पीएच ७.३. मग टाकीत ८.२ कुठून? आणि हा आकडा नुसता आकडा नाही. पाण्यातल्या अमोनियाचा सगळाच भाग विषारी नसतो. पीएच ७ला शंभरात एक भागही विषारी रूपात नसतो. त्याच तापमानाला पीएच ८.२ झाला की आठ-नऊ भाग विषारी होतात. म्हणजे तोच अमोनिया, दहापटीहून जास्त जहरी.

वाफ्यातला एक पांढरा गोटा काढला, पुसला, वर व्हिनेगरचे चार थेंब टाकले. सोडा वॉटरसारखा फसफसला. मार्बल. दोन वाफे भरून कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे जवळजवळ ७०० किलो चुनखडीच की. ती पाण्यात विरघळत राहणार आणि पीएच खाली येऊच देणार नाही.

कंपनीला फोन केला. "मॅडम, नैसर्गिक दगड आहे." म्हटलं, सोमलही नैसर्गिकच असतो. त्यावर "थंडीमुळे मासे गेले असतील" असं उत्तर आलं. नेरूळच्या डिसेंबरात तिलापियाला थंडी! पाणी २६ अंश होतं, मी दिवसातून दोनदा मोजत होते.

त्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मी मेलेल्या पिल्लांचा फोटो आणि अमोनियाची नळी टाकली. दहा मिनिटांत पोस्ट गायब. खाली कुणाच्यातरी पुदिन्याला तीस अंगठे.

दाणा बंद केला, रोज अर्धं पाणी बदललं, तरी नवव्या दिवसापर्यंत २३ गेले. उरलेले १७ एका निळ्या पिंपात हलवले. हवेचा पंप त्यांना दिला, मूठभर खडेमीठ टाकलं आणि रोज शिळं करून ठेवलेलं पाणी बदलत राहिले. आणि किट सगळं उपसलं.

आता दगड. आपल्याकडची काळी खडी म्हणजे बेसाल्ट. तिच्यावर व्हिनेगर टाका, ढिम्म काही होत नाही. हीच हवी. मला लागणार होती १६ घनफूट. बांधकामाचं सामान विकणारा म्हणाला, "अर्ध्या ब्रासखाली गाडी निघत नाही." ब्रास म्हणजे १०० घनफूट, माझी गरज ब्रासच्या सहाव्या हिश्शाएवढी. शेवटी शिरवण्यात एका घराचं काम चालू होतं, तिथल्या मुकादमाने गोण्यांत भरून दिली, २० एमएमची, वाहतुकीसकट १,४०० रुपयांत. धुवायला मात्र दोन दिवस गेले. पाइप लावून धुतेय धुतेय आणि करडं पाणी काही संपत नाही. नवऱ्याने पहिल्या दिवशी मदत केली, दुसऱ्या दिवशी त्याला बँकेत काम निघालं. मार्बलच्या गोण्या आजही गच्चीवर आहेत, कुणाला शोभेला हव्या असतील तर घेऊन जा.

'बॅक्टेरिया पावडर'चं दुसरं पाकीट कंपनीने कौतुकाने फुकट पाठवलं. मी दोन बरण्या घेतल्या, दोन्हींत सारखंच अमोनियाचं पाणी, दोन्हींत हवा. एकीत पावडर, दुसरीत काही नाही. बारा दिवस रोज मोजलं. दोन्हींत काडीचा फरक नाही. एका बरणीवरून जगाचा निकाल लावू नये हे मला कळतं. पण माझ्या पाकिटात कामाचं जिवंत काही नव्हतं, असंच दिसलं.

मग मी जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते केलं. मासे न टाकता टाकी पिकवायची, म्हणजे आधी नुसता अमोनिया घालून जीवाणू वाढवायचे. अमोनिया म्हणून नवसागर घेतला, म्हणजे अमोनियम क्लोराइड. पूर्वी कल्हईवाले वापरायचे तोच, फक्त मी शुद्ध प्रतीचा आणला. ७०० लिटरला सव्वापाच ग्रॅम टाकला की लिटरला २ मिलिग्रॅम नायट्रोजन होतो. मत्स्यालयाच्या दुकानदाराकडे त्याच्या जुन्या टाकीच्या फिल्टरचा स्पंज मागितला. त्याने माझ्याकडे वेड्या बाईकडे बघावं तसं बघितलं, पण एका डब्यात पिळून तपकिरी पाणी दिलं. पैसे घेतले नाहीत. खरी बॅक्टेरिया पावडर ती.

वहीतून उतरवते. आठव्या दिवशी नायट्राइट दिसलं. पंधराव्याला त्याचा रंग पट्टीच्या बाहेर गेला, जांभळा. सतराव्या दिवशी अमोनिया टाकल्यावर दुसऱ्या सकाळी शून्य. नायट्राइट मात्र अडून बसलं, सत्ताविसाव्या दिवसापर्यंत. एकतिसाव्या दिवशी २ मिलिग्रॅमचा डोस टाकला, २४ तासांत अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट ४०. त्या दिवशी पिंपातले १७ परत टाकीत आले. पाणी कोमट असलं की हे चार ते सहा आठवड्यांत होतं, आणि आपल्याकडे पाणी कोमटच असतं. किटच्या किमतीत हे चार आठवडे नाहीत, माहितीपत्रकात त्यांचा उल्लेखही नाही, कारण त्या चार आठवड्यांत फोटो काढण्यासारखं काहीच घडत नाही.

आता सायफन. याच्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त मजाही इथेच आली.

बेल सायफन म्हणजे वाफ्यात उभा एक पाइप, त्यावर उलटं घातलेलं झाकणबंद मोठं नळकांडं, त्याला तळाशी खाचा. पाणी चढत उभ्या पाइपाच्या तोंडापर्यंत आलं की आत पडायला लागतं, नळकांड्यातली हवा ओढून नेतं आणि सायफन लागतो. मग वाफा भडाभडा रिकामा. तळाशी खाचांतून हवा शिरली की सायफन तुटतो आणि भरती पुन्हा सुरू. मुळांना पाळीपाळीने पाणी आणि हवा. ना टायमर, ना वीज.

माझ्याकडे एक सायफन सुरूच होईना आणि दुसरा थांबेचना. पहिल्या वाफ्यात पाणी वरपर्यंत येऊन पाइपातून नुसतं पाझरत राहायचं, वाफा कायम भरलेला. आठवडाभरात पालकाची मुळं तपकिरी आणि सडक्या अंड्याचा वास. दुसऱ्यात पाणी तळाशी खेळत राहायचं, वर चढतच नव्हतं.

सर्व्हिसवाल्याने येऊन पंप बदलायला सांगितलं, ३,२००. मी आधी बादली घेतली. पंपाच्या खोक्यावर ताशी २,५०० लिटर लिहिलंय. ते शून्य उंचीला. साडेचार फूट वर चढवल्यावर माझी १५ लिटरची बादली ७२ सेकंदांत भरली, म्हणजे ताशी ७५०. आकडा ऐकून फसवल्यासारखं वाटतं, पण टाकीतलं पाणी तासाला एकदा फिरलं की पुरतं, आणि इथे ते फिरत होतं. पंप निर्दोष. मग दोन्ही वाफ्यांचं पाणी वेगवेगळं मोजलं. एकाला ५००, दुसऱ्याला २५०. व्हॉल्व्ह आडवेतिडवे उघडे होते! कमी पाणी मिळणाऱ्याला सायफन लागण्याइतका जोर नव्हता, आणि जास्त मिळणाऱ्याचा तुटत नव्हता.

व्हॉल्व्ह सारखे केल्यावर निम्मा आजार गेला. उरलेला शिरवण्यातल्या हार्डवेअरवाल्याने बरा केला. त्याला मी कागदावर चित्र काढून दाखवलं. तो म्हणाला, "ताई, ही तर जुन्या फ्लशच्या टाकीची भानगड." आणि उठून तीन वस्तू काउंटरवर ठेवल्या. उभ्या पाइपाच्या तोंडावर बसवायला दीड इंचाचा एक इंची रिड्यूसर, नरसाळ्यासारखा, म्हणजे पाणी काठाकाठाने न ओघळता एकदम लोटतं. खाली निचऱ्याच्या तोंडाला दोन एल्बो, म्हणजे पाइप क्षणभर तुडुंब भरतो आणि ओढ लागते. आणि मेडिकलमधून आणायला सांगितली सलाईनची नळी, नळकांड्याच्या डोक्यातून काढून बाहेरून तळापर्यंत सोडायची, पाणी उतरलं की ती हवा खेचते आणि सायफन झटक्यात तुटतो. एकूण खर्च १९० रुपये. तेव्हापासून दर बारा-तेरा मिनिटांनी भरती आणि ओहोटी. रात्री स्वयंपाकघरात त्याचा 'गुड् गुड् घळ्ळ' आवाज येतो, आता तो नसेल तर मला जाग येते.

पुढच्या सर्व्हिसला मी हे कंपनीच्या माणसाला दाखवलं. त्याने मोबाइलवर फोटो काढून घेतले. चारपैकी ही दुसरी आणि शेवटची सर्व्हिस. उरलेल्या दोन अजून 'शेड्यूल'मध्ये आहेत.

मग पानं पिवळी पडणं. मार्बलच्या काळात पालकाची कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, म्हणजे लोह कमी. कंपनीने ६५० रुपयांची 'ग्रोथ बूस्टर' बाटली विकली. लेबलवर बारीक अक्षरांत लोह, ईडीटीए, म्हणजे लोहाला पाण्यात विरघळलेलं धरून ठेवणारं रसायन. हे ईडीटीएचं लोह पीएच साडेसहाच्या पुढे टिकत नाही, माझ्याकडे पीएच ८.२. म्हणजे ६५० रुपये टाकीच्या तळाला गंज होऊन बसले. डीटीपीएचं लोह साडेसातपर्यंत चालतं, त्याच्याही वर पीएच असेल तर ईडीडीएचए घ्यावं, पाणी लालसर होतं तेवढंच. शेतीसामानाच्या दुकानात 'चिलेटेड फेरस' म्हणून मागितलं की देतात, पण पाकिटावरची अक्षरं वाचून घ्या. खडी बदलल्यावर आता पीएच ६.८ला असतो, तीन आठवड्यांतून एकदा डीटीपीए टाकते.

काळ्या खडीचाही एक तोटा आहे. अमोनियाचं नायट्रेट होताना आम्ल तयार होतं, आणि आपल्या मऊ पाण्यात ते शोषायला काही नसतं. जूनमध्ये पीएच ६.१वर आला. सहाच्या खाली जीवाणू ढेपाळतात. उपाय पानवाल्याकडे होता, खायचा चुना. वाटाण्याएवढा बादलीभर पाण्यात कालवून हळूहळू सोडायचा. एक दिवसाआड पोटॅशियम बायकार्बोनेट, कारण माशांच्या दाण्यात पोटॅशही कमी असतं आणि वांग्याच्या पानांच्या कडा करपतात. हे मी शेजारच्या काकूंना सांगत होते. काकू आगरी, जन्म करावे गावातला. त्या आत गेल्या आणि तिसऱ्यांच्या शिंपल्या घेऊन आल्या, आदल्या दिवशीच्या कालवणातल्या, धुतलेल्या. "ह्या टाक. चुनाच हाय." कांद्याच्या जाळीच्या पिशवीत भरून टाकीत टांगल्या. पीएच खाली यायला लागला की त्या आपोआप थोड्या विरघळतात, वर गेला की थांबतात. ज्या कार्बोनेटने डिसेंबरात मासे मारले त्याच कार्बोनेटची ओंजळभर पिशवी आता टाकी सांभाळते. चुन्याचा डबा मी तेव्हापासून उघडलेला नाही.

मे महिन्यातली दुपार. ट्रान्सफॉर्मरचं काहीतरी झालं आणि पाच तास वीज नाही. पाणी ३३ अंश. पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन मुळातच कमी मावतो, आणि माशांना लागतो मात्र जास्त. तासाभरात सगळे वर येऊन तोंडं उघडायला लागले. किटला बॅटरी बॅकअप नाही. माहितीपत्रकात 'पूर्ण ऑटोमॅटिक'. मी आणि नवरा आळीपाळीने तांब्याने पाणी उपसून उंचावरून ओतत होतो, ताक घुसळावं तसं, पाच तास. त्याने एकदाही 'तुला सांगितलं होतं' म्हटलं नाही, याची नोंद करते. एकही मासा गेला नाही. दुसऱ्या दिवशी बॅटरीवर चालणारा हवेचा पंप आणला, ९०० रुपये. वीज गेली की आपोआप सुरू होतो. किट विकणाऱ्याने हा ९०० रुपयांचा डबा आत न टाकणं मला पांढऱ्या दगडांइतकंच खटकतं.

पावसाळ्याचं थोडक्यात. टाकीवर पत्रा हवाच, नाहीतर पावसाचं पाणी भरून टाकी वाहते आणि दोन दिवसांत सगळं पातळ होतं. अंगणातल्या पेव्हरवर ठेवलेला स्टँडचा एक पाय जुलैत दीड इंच खचला, वाफा कलला, खालच्या टोकाला पाणी खडीच्या वर येऊन शेवाळ. सातशे किलोच्या खडीखाली काँक्रीटची पट्टी हवी, हे बसवणाऱ्या मुलाच्या हातात नव्हतं. महापालिकेची माणसं डासांच्या अळ्या बघायला आली, टाकीत टॉर्च मारला, मासे बघून हसली आणि गेली. खंड्या मात्र रोज येतो, त्याच्यासाठी जाळी.

माशांचं गणित तेवढं सविस्तर सांगते, कारण 'सहा महिन्यांत २० किलो' हे वाचून लोक पैसे भरतात. माझ्या दोन वाफ्यांचं क्षेत्र दीड चौरस मीटर. पालेभाजीला चौरस मीटरमागे दिवसाला ४० ते ५० ग्रॅम दाणा, हा अन्न आणि कृषी संघटनेने २०१४मध्ये छापलेला ठोकताळा आहे. म्हणजे माझे वाफे दिवसाला ६० ते ७५ ग्रॅम दाण्याची घाण पेलतात. ४० मासे पाव-पाव किलोचे झाले की दहा किलो, ते दिवसाला दीडशे ग्रॅम सहज खातात. दुप्पट. म्हणजे सगळी पिल्लं जगली असती तर सहाव्या महिन्यात टाकी बसलीच असती! पहिल्या आठवड्यातल्या संहाराने माझं किट वाचवलं, असं म्हणायची वेळ आली. ७०० लिटरला १७-१८ मासे, यापुढे जाऊ नका. आणि 'थाई मांगूर टाका, काही होत नाही त्याला' असं कुणी सांगितलं तर नको म्हणा, तो पाळायला बंदी आहे.

जानेवारीत नऊ मासे काढले, २८० ते ३४० ग्रॅमचे. काकू म्हणाल्या, "गोड्या पान्यातला मासा, चिखल लागंल." त्यांचं बरोबर असतं. तो वास पाण्यातल्या सूक्ष्मजीवांमुळे माशात उतरतो. म्हणून आधी पाच दिवस स्वच्छ पाण्याच्या पिंपात उपाशी ठेवले. मग काकूंच्याच मसाल्यात तळले. काकूंनी एक पूर्ण खाल्ला, काटा बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, "वाईट नाय." पापलेटवर वाढलेल्या बाईकडून हे फार झालं. नवऱ्याला आवडला. मला मात्र ज्याला वर्षभर रोज सकाळी दाणा घातला त्याला खाताना घास फिरला. पुढच्या खेपेला शोभेचे कोई मासे घेणार आहे.

विजेचं सांगायचं राहिलं. पंप आणि हवा मिळून ५८ वॉट, अखंड. महिन्याला ४२ युनिट, माझ्या बिलात साडेतीनशेच्या आसपास वाढ. भाजीवर पैसे वाचतील या आशेने घेत असाल तर वाशीच्या एपीएमसीत जाऊन या, स्वस्त पडेल.

पण पुदिना, मायाळू, अंबाडी, तुळस हे सगळं जोमात. आणि अळू! पाण्यात पाय ठेवून उभा राहणारा गडी तो, इथे त्याला स्वर्ग मिळाला. श्रावणात एकेक पान सुपाएवढं. गल्लीत अकरा घरांना वड्यांसाठी पानं गेली. काकूंनी फदफदं करून वाडगाभर परत पाठवलं. फवारणी नाही, कारण करताच येत नाही. कडुनिंबाचं तेलसुद्धा माशांना चालत नाही, त्यामुळे मावा पडला की बोटांनी चिरडायचा किंवा पाण्याचा झोत मारायचा.

घ्यायचंच असेल तर टाकी आणि स्टँड घ्या, ते खरंच मजबूत आहेत, सोळा महिन्यांत ना गळती ना गंज. मासे, दगड, पावडर आणि बूस्टर घेऊ नका, तेवढे पैसे बिलातून कमी करायला सांगा. मी भांडले नाही म्हणून मला मिळाले नाहीत, शेजारच्या सेक्टरातल्या एकीला ७,००० कमी करून दिले. बसवायला तोच दिव्याचा मुलगा मिळतो का बघा. अमोनियाचा थेंबांचा संच मासे घ्यायच्या आधी घ्या. एक डोळा वहीवर ठेवा.

परवा कंपनीतून फोन आला होता. "मॅडम, व्हर्जन टू आलंय. यात काळे दगड देतो." किंमत ४६,०००. मी विचारलं, बॅटरीचा पंप आहे का आत, आणि सायफनच्या तोंडाला रिड्यूसर लावला का? "रिड्यूसर आहे मॅडम, आमच्या टीमने डेव्हलप केलाय." पंपाचं विचारून सांगतो म्हणाला.